चीवर घेऊन बँकॉकला

आदिलाबादहून हैदराबादला पोचायला बसला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात विमान हैदराबादहून बँकॉकला नेऊन सोडते. हे कळल्यावर आमच्या विलासरावांची साफ निराशा झाली. "इतक्या जवळच्या गावाले परदेश कसं म्हणावं?" असे पुटपुटत त्यांनी बॅगेत दोन स्वेटर कोंबले. तिथे बाराही महिने उकडते हे मी त्यांना दहादा सांगितले होते. पण माणूस तहसील कचेरीतला; लेखी आल्याशिवाय काही मानायचा नाही.

निघालो चौघे. मी, हे, कॉलेजात जाणारी आमची समीक्षा आणि माझी आई. मी आदिलाबादला शाळेत शिकवते. आई मात्र आमच्या गावी, तामसीलाच राहते आणि तिथून हलायला कधी तयार नसते. या वेळी ती एका पायावर तयार झाली, कारण बँकॉक हे तिनेच सुचवले होते. आम्ही दुबई म्हणत होतो. ती म्हणाली, "जिथं सारा मुलूक बुद्धाचा हाय, तिथं मले न्या. तिथच्या भंतेले माह्या हातानं चीवर द्याचं हाय. बाकी तुमी काहीबी दाखवा, मी पाहीन."

चीवर म्हणजे भिक्खूंचे वस्त्र. ते तिने आधीच नागपूरहून आणवून घेतले होते. पिवळ्या कागदात गुंडाळलेले ते पुडके तिने प्रवासभर कोणाच्या हाती दिले नाही. बॅगेत टाक म्हटले तर म्हणे, "बॅग हारपते. मी नाई हारपत."

विमानतळावर मात्र तिचा ठेचा पकडला गेला. तपासणीवाल्या तरुणाने बरणी उघडली, वास घेतला आणि खिन्नपणे मान हलवली. "कुदरदम्मा" (चालणार नाही, आई).

"काऊन? चाखून तं पाय लेका!" आईने बरणी परत त्याच्याकडे सरकवली. मागची रांग हसत होती. ठेचा गेला तो गेलाच, पण त्या पोराने जाताना आईला वाकून नमस्कार केला, त्यामुळे तिने त्याला माफ केले.

बँकॉकला उतरलो तेव्हा सकाळ झाली होती. उंच इमारती, एकावर एक चढलेले रस्ते आणि त्यांच्या मधोमध चौकाचौकात झेंडूच्या माळा घातलेली छोटी देवळे. आईचे लक्ष इमारतींकडे नव्हतेच. हॉटेलातल्या मुलीने दारातच हात जोडून मान लववली, तशी आईने लगेच हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हटले, "जय भीम!" मुलीने हसून पुन्हा हात जोडले. मग दारवान, टॅक्सीवाला, रस्ता झाडणारी बाई, जो हात जोडेल त्याला आई जय भीम घालत सुटली. तिथे सगळेच हात जोडतात. संध्याकाळपर्यंत तिची खात्री पटली की या गावात आपली बरीच ओळख आहे. "आपल्या आदिलाबादले कोणी इचारत नाई," असेही ती म्हणाली.

जेवणाची मला धास्ती होती. पण गल्लीच्या तोंडाशी एक बाई लाकडी उखळीत काहीतरी कुटत होती, आणि आई तो आवाज ऐकूनच थांबली. कच्च्या पपईचा कीस, हिरव्या मिरच्या, लसूण, भाजलेले शेंगदाणे, वरून लिंबू. याला ते 'सोम ताम' (कच्च्या पपईची कोशिंबीर) म्हणतात. आईने एक घास घेतला, डोळ्यांत पाणी आले, नाक पुसले आणि म्हणाली, "घ्या! ठेचा माह्या अगुदर येऊन बसला इथं!" त्यात माशांचा आंबवलेला रस असतो हे समीक्षाने तिला सांगितले. आईने दुसरी बशी मागवली. विलासरावांनी एकच मिरची चावली आणि मग अर्धा तास कोणाशी बोलले नाहीत. तो अर्धा तास या सहलीतला माझा सगळ्यात सुखाचा काळ.

पुढचे दिवस नुसते पायांचे. नदीतून प्रवाशांच्या होड्या बसगाड्यांसारख्या धावतात. धक्क्याला लागते न लागते तोच पोऱ्या शिटी वाजवतो आणि होडी निघते. एकदा आम्ही तिघी चढलो आणि हे धक्क्यावरच राहिले, पिशवीतून स्वेटर काढून घाम पुसत. पुढच्या होडीने आले आणि उलट आमच्यावरच चिडले. मग त्या प्रसिद्ध वाटात (वाट म्हणजे बुद्धविहार) निजलेली, सोन्याने मढवलेली भलीमोठी बुद्धमूर्ती पाहिली. आई उशापासून पायथ्यापर्यंत सावकाश चालत गेली आणि तिथे हात जोडून कितीतरी वेळ उभी राहिली. तामसीच्या आमच्या विहारात मूर्ती हातभर उंचीची आहे.

पण पुडके काही सुटेना. मोठ्या वाटांमध्ये तिकिटे, गर्दी, फोटो. निवांत बसलेले भंते कुठे दिसेनात. आई दर संध्याकाळी पुडके उशाशी ठेवायची आणि विचारायची, "परत घेऊन जावं लागन का व हे?" शेवटचा दिवस उरला तेव्हा माझाही धीर सुटला. तिने आयुष्यात माझ्याकडे एवढे एकच मागितले होते. शेवटी हॉटेलातल्या मुलीने सांगितले की मागच्या गल्लीत एक लहान वाट आहे, सकाळी तिथे लोक दान घेऊन जातात.

आईने पांढरे लुगडे नेसले. गल्लीतल्या विहारात चिंचेच्या झाडाखाली एक मंडप होता आणि बुटक्या चौथऱ्यावर एक वयस्क भंते बसले होते. चपला काढून आम्ही आत गेलो. आईचे गुडघे धरलेले, तरी ती लगबगीने पुढे गेली, आमच्या विहारात जाते तशी. आमचे भंतेजी दोन्ही हातांनी दान घेतात, पायांवर डोके ठेवू देतात. आईने ओंजळीत चीवर धरले आणि थेट त्यांच्या हातांकडे नेले.

भंतेंनी झटकन हात मागे घेतले. बसल्या जागी ते मागे सरकले.

आईचे हात तसेच हवेत राहिले. तिने माझ्याकडे वळून पाहिले आणि हळूच विचारले, "इथं बी?"

मी एकदम भडकले. माझ्या आईने लोकांच्या शेतात कापूस वेचून मला शिकवले. तहान लागली की शेतवाले तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतत. तांब्या तिच्या हाताला लागू देत नसत. त्या बाईने समुद्र ओलांडून इथवर यायचे आणि तिच्या हातांपासून इथेही कोणी मागे सरकायचे? "चाल माय, उठ," मी म्हणाले. माझा आवाज मंडपभर गेला. विलासराव माझी बाही ओढत होते, त्यांचाही हात मी झटकला.

तेवढ्यात शेजारी बसलेली फुलवाली बाई पुढे आली. आईच्या वयाचीच. तिने काहीतरी भराभरा सांगितले; समीक्षाने भाषांतरासाठी फोन पुढे केला आणि फोन तिचे बोलणे मराठीत सांगू लागला. "भंते कोणत्याच बाईच्या हातातून काही घेत नाहीत. माझ्या नाही, श्रीमंत बाईच्या नाही. त्यांच्या स्वतःच्या आईच्या हातातूनही नाही."

"हे तं याहून वाईट!" समीक्षा तडकली. मला तिचे पटले. अजूनही पटते.

आई मात्र भंतेंकडे पाहत होती. "आपल्या मायच्या हातचं बी नाई?" तिने विचारले. फोनवरून प्रश्न कळताच फुलवालीने 'नाही' अशी मान हलवली. आईच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "बिचारं लेकरू," ती म्हणाली. लेकरू सत्तरीचे तरी असेल.

भंतेंना शब्द कळले नसतील, पण काहीतरी दुखावले गेले हे त्यांना कळले होते. त्यांनी बाजूचे एक घडीचे वस्त्र उचलले, आईसमोर चौथऱ्यावर पसरले आणि त्याचे टोक दोन्ही हातांनी धरून ते वाट पाहत बसले. फुलवालीने खूण केली, ठेवा यावर.

मी आईकडे पाहत होते. ती नाही म्हणाली असती तर मला आनंदच झाला असता. तिने क्षणभर त्या पसरलेल्या वस्त्राकडे पाहिले. मग दुखरे गुडघे टेकले, कपाळ जवळजवळ वस्त्राला लागेल इतकी वाकली आणि चीवर त्यावर ठेवून दोन्ही हातांनी नीट केले. भंतेंनी वस्त्र आपल्याकडे ओढून घेतले आणि पालीत आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. चाल वेगळी होती, पण 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिसरण आले तसे आईने ओळखले आणि ती त्यांच्या बरोबरीने म्हणू लागली. फुलवालीही. मग आम्ही तिघेही. दोन देशांची माणसे, एकमेकांचे अक्षर समजत नव्हते, आणि इथे एकही शब्द कोणाला विचारावा लागला नाही. संपल्यावर फुलवालीने आईच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि पैसे घेतले नाहीत. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "चाला, आता त्या मोठ्या मोठ्या माड्या दाखवा. आता माहं ध्यान लागन."

मग तिने सारे शहर पोटभर पाहिले. सरकत्या जिन्यावर तीनदा चढली, तीनदा उतरली.

तामसीला परतलो त्या रविवारी विहारातल्या वंदनेनंतर बाया आईभोवती जमल्या. मी प्रवासाचे वर्णन सुरू केले, पण कोणाला त्यात रस नव्हता. शेजारच्या सखूबाईने आईला सरळच विचारले, "घेतलं का व त्यानं तुह्या हातचं?"

या प्रश्नाचे उत्तर मी परतीच्या वाटेवर स्वतःशी अनेकदा जुळवले होते, नियम काय, प्रथा काय, आपले मत काय. एकही धड जुळले नव्हते.

"हातात नाई घेतलं," आई म्हणाली. "तिथं बायाच्या हातचं घेत नाईत. चुकीचंच हाय ते. पण बाई, त्यानं माह्यापुढं पदर पसरला. आपण जलमभर पसरला ना, मजुरीचे दाणे घ्याले? तसा."

सखूबाई जवळ सरकली. तिने विचारले, "मंग तू काय केलं? वरून टाकलं?"

"वरून काऊन टाकू?" आई म्हणाली. "वाकून ठेवलं."