जिवंत तानुबाईचं रडणं

दोंडाईच्यापासून दीड कोसावर एक गाव आहे. तिथे कुणाचं काही बरंवाईट झालं की पहिला निरोप तानुबाईला जायचा, दुसरा वैद्याला. वैद्याला याचा फार राग. माणूस खरंच गेला की नाही हे आधी मला बघू द्या, असं त्याचं म्हणणं. पण तानुबाईने डोक्यावर पदर घेतला की गावाच्या दृष्टीने प्रकरण संपलेलं असायचं.

आपल्याकडे बायका हेल काढून, मेलेल्याचे गुण गात रडतात. त्यात बहुतेकींचं रडणं ठरलेलं. ‘मना वाघ गया, मना राजा गया’ हे रडणं गावातल्या कुठल्याही पुरुषाला बसायचं. जन्मात पाल न मारलेला माणूससुद्धा मेल्यावर तासभर वाघ होऊन पडायचा. तानुबाईला हे चालत नसे. ती बसली की मेलेल्याचा जन्म पहिल्यापासून सुरू व्हायचा. कोणत्या पुरात जन्मला, कोणत्या बैलाने शिंग मारलं, बायको माहेरी गेल्यावर विहिरीवर बसून कसा हमसून रडला, सगळं. लोटन पहिलवान गेला तेव्हा हा गडी बेडकाला भ्यायचा, हे तिने चारचौघांत हेल काढून सांगितलं. लोटनची बायको रडता रडता फिसकन हसली आणि मग जे रडली ते खरं रडली. खोटं रडलं तर मेलेला मान वळवून बघतो, असं तानुबाई म्हणायची. तिने कुणाला मान वळवू दिली नाही.

दर तीन वर्षांनी वही घेऊन भाट यायचा. त्याच्या वहीत अमक्याचा मुलगा तमका आणि तमक्याचा मुलगा ढमका, बस. बाईचं नाव औषधाला नाही. तानुबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण तिच्याजवळ अख्खं गाव होतं. बाया होत्या, पोरं होती, शिवाय दोन बैल आणि एक घोडी.

मानमोडीच्या साथीत दिवसाला चार चार तिरड्या निघाल्या. घरातली माणसं तापाने पडलेली, रडायला उठणार कोण? तानुबाईचा घसा बसलेला, तरी ती दारोदार गेली. प्रत्येकाला चार ओळी दिल्या, पण कुणाला तसं जाऊ दिलं नाही. धर्मशाळेत एक वाटसरू मेला. त्याचं नावगाव कुणालाच माहीत नव्हतं. तानुबाईने त्याचं गाठोडं सोडलं. आत अर्धवट शिवलेलं टोपडं होतं, सुई त्यातच टोचलेली. तेवढ्यावर ती त्याच्यासाठी रडली, की याच्या घरी लेकरू आहे आणि याच्या सुईत अजून दोरा आहे. ते टोपडं तिने त्याच्या छातीवर ठेवलं.

अशी ही बाई एकोणीसशे अडतीस साली सत्तरीला आली आणि एक दिवस मिरच्या खुडता खुडता तिच्या लक्षात आलं, की माझ्यासाठी रडणार कोण? बरोबरीच्या बाया तिनेच रडून पोचवलेल्या. पलीकडच्या भिंतीला धाकटी जाऊ मंजुळाबाई होती. पण त्या दोघींचं बोलणं म्हणजे मीठ आहे का, आहे, एवढंच. राहिली घरातली सून, कमलबाई. ती चाळीसगावची, स्टेशनाजवळची. रडायची ते पदराच्या टोकात, आवाज न करता. तानुबाईचं मत असं, की चाळीसगावात गाड्यांच्या खडखडाटात कुणाचं रडणं ऐकूच येत नाही, म्हणून तिथल्या बायकांनी ते सोडूनच दिलं असावं.

आपल्याला कुणी नुसतंच वाघीण म्हणून पोचवलं तर? शेवटी तिने ठरवलं की सुनेला शिकवायचं.

शाळा अंगणात भरली. मिरचीचा हंगाम होता. पुढे लालभडक ढीग, दोघी देठं खुडायला बसलेल्या. डोळ्यांतून पाणी आपोआप यायचं, त्यामुळे निम्मं काम मिरचीनेच केलं. राहिला आवाज आणि राहिली हकीकत. तानुबाई आपला जन्म सांगायची, कमलबाई तो हेल काढून परत म्हणायची आणि मयत मध्येच तिला अडवायचं. काळी म्हैस नव्हती, भुरी होती. लग्नात पाऊस नव्हता, धूळ होती. कमलबाईने एकदा वैतागून विचारलं, की अक्का, मेल्यावर म्हशीचा रंग कोण तपासणार आहे? तानुबाई म्हणाली, “मी.”

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी दुपारी कमलबाईचा गळा एकदम मोकळा झाला. चाळीसगावच्या स्टेशनातून इंजिन सुटावं तसा हेल निघाला तो वेशीपर्यंत गेला. डोळे मिटून तानुबाई ऐकत राहिली.

गावानेही ऐकलं.

पहिली धावत आली ती मंजुळाबाई, हाताला पीठ तसंच, पायांत काही नाही, अशी रडत की अंगणात येईपर्यंत तिला समोरचं दिसतच नव्हतं. मागून हिलाल, तानुबाईचा मुलगा, शेतातून बोडक्या डोक्याने. मग रूपचंदभाऊ खांद्यावर दोन बांबू घेऊन. हा माणूस कुणाच्याही तिरडीला सगळ्यात आधी हजर. मापसुद्धा विचारत नसे, गावातली सगळी मापं त्याला पाठ. बघता बघता अंगण भरलं. कमलबाईचे डोळे मिरचीने मिटलेले, तिला पत्ताच नाही. ती गातच होती.

मयताने डोळे उघडले.

“मी जित्ती शे,” तानुबाई म्हणाली. “धावत वनात तं बसा आते. आयका.”

रूपचंदभाऊंनी बांबू खाली ठेवले, पण हात काढला नाही. लोक चिडायला हवे होते. पण गोष्ट ऐन रंगात आली होती, त्यामुळे रागवायचं मागे ठेवून सगळे बसले. कमलबाईने मानमोडीचं साल सांगितलं, टोपडं सांगितलं. तानुबाई ताठ बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, जणू तिचीच वरात चालली होती.

आणि मग कमलबाईने न शिकवलेलं सांगायला सुरुवात केली.

श्रावणात कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, भाऊबंदांच्या घरोघरचे गहू एकत्र मोजतात. ज्याचे गहू त्यात नाहीत, तो भाऊबंदच नाही. थोरली म्हणून मोजायचा मान तानुबाईचा.

“बठ्ठासना गहू मोजात व माय,” कमलबाईने हेल काढला, “एक जावनाच नही मोजात. बकरीनी रोपं खादी, दंड जावले दिधा. तेरा वरीस दिधा.”

मंजुळाबाईच्या बकरीने तानुबाईची रोपं खाल्ली होती आणि त्या रागात तानुबाईने वर्षानुवर्षं तिचे गहू मोजलेच नव्हते. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि आजवर कुणी चारचौघांत तोंडातून काढली नव्हती. पुढे गहू पुन्हा मोजले जाऊ लागले, पण आधीच्या वर्षांबद्दल दोन्ही घरांत शब्द नव्हता. कमलबाईला स्वतःचाच आवाज ऐकू आला, तिने डोळे उघडले, समोर सारं गाव पाहिलं आणि ती थांबली.

तानुबाईच्या हातात एक मिरची होती. तिचं देठ तिने कितीतरी वेळ खुडलं नाही. दुसऱ्या कुणाचं असं झाकलेलं तिने स्वतः बिनदिक्कत उघडं केलं असतं. सुनेला आपला जन्म सांगताना मात्र एवढं पान तिने अलगद उलटलं होतं. सुनेने ते परत उघडलं. आता कमलबाईला खोटं पाडायचं, की तिच्या हाती आपला जन्म सोपवायचा?

“तेरा नही,” ती म्हणाली. “बारा. नी चूक मनीच व्हती.”

मंजुळाबाईने पिठाच्या हाताने नाक पुसलं. “तेराच व्हतात,” ती म्हणाली. “माले नही याद ऱ्हावाव तं कोनले?”

मग जे झालं ते याच गावात होऊ जाणे. बारा की तेरा, यावर अख्खं गाव हिशेबाला बसलं. कुणी पुराचं साल धरलं, कुणी टोळधाडीचं. सुपडूआबांनी आपल्या घोडीच्या वेतांवरून मोजलं आणि अकरा काढले. त्यांना गप्प बसवण्यात आलं. कुणाचं पोर त्या श्रावणात पाळण्यात होतं, कुणाच्या घराला तेव्हा कौलं नव्हती. रूपचंदभाऊंनी बांबूवर नखाने रेघा ओढल्या. दिवस कलला तेव्हा रेघा तेरा भरल्या.

जन्मात पहिल्यांदा तानुबाईची आठवण चुकली होती. तिने रेघांवरून एकदा बोट फिरवलं, मग सगळ्यांकडे बघून सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

“मी इसरनी, नी हिनी सांगं,” ती म्हणाली. “रूपचंदभाऊ, तुमनं बी हाईच रडी. जपीसन वागा.”

रूपचंदभाऊ सोडून सगळे हसले. मंजुळाबाई ढिगाजवळ सरकली, ओंजळभर मिरच्या पुढ्यात ओढून देठं खुडू लागली.

“थांबनी कसाले?” तानुबाई सुनेला म्हणाली. “तेरा म्हन, नी पुढे चाल.”