अळवातला कॉक

नव्वदच्या दशकात जुन्नरच्या आमच्या नव्या घरात मोरीचा नळ तुटला. पाणी नणंदेच्या लग्नाच्या तांदळाकडे निघालं. मेन कॉक कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. मी शहाणी फडकं घेऊन धारेशीच झोंबत होते.

करवंदं विकायला आलेल्या डोंगराकडच्या म्हातारीनं पाटी उतरवली. पाइपावरून हात फिरवत ती बाहेर गेली आणि मी हौसेनं लावलेल्या अळवात वाकून तिनं कॉक फिरवला. धार थांबली.

“शेतात पाण्याचं दारं धरलं न्हाईस का कधी? पाणी वरनं अडवत्यात, बये.”

धरलं होतं की, लग्नाआधी चांगली दहा वर्षं. घरात नळ आला आणि अक्कल वाहून गेली.

तिच्या चहासाठी दुसरा नळ सोडला, तर थेंब नाही. म्हातारी हसत हसत तांदळाच्या पोत्यावरच बसली. पोतं कोरडं होतं.