कोपऱ्यातल्या मशीनवाले

आठवड्यातून दोनदा सुई टोचून चार-चार तास खाटेवर पाडलं की माणसात दोनच गोष्टी साचतात. अंगात पाणी आन् पोटात किस्से. पाणी मशीन काढून घेतं, किस्से ऱ्हातात.

संभाजीनगरातल्या आमच्या डायलिसिस वॉर्डात एक मशीन कोपऱ्यात, वेगळं. ज्यांच्या रक्तात हिपॅटायटिस सी, त्यांच्यासाठी. म्हणजे मी आन् सोयगावकडचा मेंढपाळ कौतिकराव. नव्यानं भरती झालेल्या एका पेशंट साहेबांना मी सांगितलं, ते व्हीआयपी मशीन हाय. साहेबांनी त्यासाठी नगरसेवकाचा फोन आणवला!

*

दुष्काळाचं साल. शहर चहूकडं वाढत व्हतं आन् नळाला पाणी आठवड्यानं. वॉर्डालाबी टँकर. आम्हाला तर पाणी मोजून प्यायचं. कौतिकराव काट्यावर चढला, वजन लई जादा. सिस्टर रागावल्या. हा म्हणला, पटक्याचं असंल. पटका काढला, काटा तिथंच.

मग हळूच म्हणला, "लई दिवसांनी मेंढरांना पाणी घावलं, सिस्टर. त्यांच्यासंगं मीबी पिलो."

सिस्टर रागवायच्या थांबल्या.

*

डॉक्टर म्हणले, किडनी बदलता येईल, पण आधी ही सी घालवू. न्हाईतर लिव्हरला आन् नव्या किडनीला धोका. तीन महिने गोळ्या घ्या. इतकी वर्षं ठाण मांडून बसलेला रोग गोळ्यांनी उठंल, हे आम्हाला पटंना. रिपोर्ट आले. दोघांच्याबी रक्तात काही नाय.

"गेला तर गेला कुठं?" कौतिकरावानं विचारलं.

"पुण्याला," मी म्हणलो. "इथं पाण्याचे हाल, कशाला ऱ्हाईल?"

समदे हसले. मला मात्र हसू येईना. मी माझा रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत व्हतो.

*

कौतिकरावाला किडनी देणार त्याची बायको, गयाबाई. किडनी द्यायची परवानगी देणाऱ्या समितीनं तिला एकटीला बसवून विचारलं, नवऱ्याचा दबाव हाय का?

"ह्यांचा? ह्यांचं कोकरूबी ऐकत नाय."

*

ऑपरेशन झालं. कौतिकरावाला कैक वर्षांत लघवी झाली नव्हती. नवी किडनी चालली तर नळीतून पिशवीत उतरणार. पहिला दिवस नळी कोरडी. मी काचेबाहेर बसून. मस्करी सुचंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब आले. मग धार लागली.

गयाबाई कुशीवर हात दाबत, भिंत धरत आली. भरत चाललेली पिशवी बघितली. कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आन् पिशवीसमोरच्या काचेवर टेकवलं, नव्या बोअरला लावतात तसं. हात जोडले.

सिस्टर काच पुसायला फडकं घेऊन आल्या, उभ्या राहिल्या आन् तशाच परत गेल्या.