ताठ बसायचा अर्धा तास

मिठबावच्या सुगंधा मालंडकरनं उभी हयात डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावं फिरण्यात घालवली. नवरा गेला, मुलगा सुदेश जहाजावर नोकरीला लागला, आणि सत्तरीला टेकलेली सुगंधा घरात एकटी उरली. एकदा घरापुढच्या खळ्यात घसरून तिचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पाटी सुटली. पाटीबरोबर दारोदारच्या गप्पा-गजालीही सुटल्या. प्रेशरच्या गोळ्यांसाठी डॉक्टर परुळेकरांकडे जाणं, तेवढंच तिचं बाहेर पडणं राहिलं.

मध्यंतरी संचिता नावाची नर्स त्या दवाखान्यात येऊ लागली. ठिसूळ झालेली हाडं मोडण्याआधी ओळखायला गावच्या डॉक्टरांना मदत करणं, हे तिचं काम. डॉक्टरांची अडचण खरी होती. तापाच्या रांगेत एवढं सगळं विचारायचं कधी? मग दोघांनी मिळून भिंतीवर उंचीची पट्टी रंगवली. पासष्टीपुढच्या बायकांना रांगेत बसल्या जागीच विचारायचं ठरलं: साध्या पडण्यानं हाड मोडलंय का, उंची घटलीय का, आईचा खुबा मोडला होता का.

उंची घटलीय का, असं विचारलं तेव्हा सुगंधानं पट्टीकडे बघितलं.

"माका वाटलां फळी वर गेली," ती म्हणाली. "चायचो डबो हाताक लागना. पण घरात फळी हलवतलो कोण?"

"ह्यां कधी सांगलंस नाय, काकी," डॉक्टर म्हणाले.

"कोणाक सांगतलंय?"

हाडांची घनता मोजायचं यंत्र लांब, शहरात. तिला तिथवर नेणारं कोणी नव्हतं. पण मणका दबलेला दिसला, तर औषधासाठी त्या तपासणीची वाट बघायची गरज नसते, हे डॉक्टरांनी संचिताबरोबर बसून वाचलं होतं. त्यांनी देवगडला पाठीचा एक्स-रे काढायला सांगितलं. संचिता तिच्यासोबत एसटीनं गेली. जाताना-येताना सुगंधा अखंड बोलत होती: मासळीचे भाव, सुदेशचं लहानपण, गेलेली माणसं. संचितानं तिला एकदाही थांबवलं नाही.

दोन मणके दबले होते. रक्त तपासून डॉक्टरांनी हाडांसाठी आठवड्यातून एकदाची गोळी सुरू केली. रविवारी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास ताठ बसायचं. आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही.

सुगंधा गोळी घेऊन पडवीत बसू लागली. सुरुवातीला त्या वेळी संचिताचा फोन यायचा. मग संचिताला दुसरीकडची गावं दिली आणि फोन कमी होत थांबले. त्यानंतर सुगंधाचं हाड मोडलं नाही; काठी घेऊन ती देवळापर्यंत जाऊ लागली. फक्त तो अर्धा तास सरता सरत नसे. रस्त्यावरून माणसं जात, तिला बसलेली बघून हात करत आणि पुढे निघत.

एका रविवारी अवचित सुदेशचा फोन आला. काय करतंस, त्यानं विचारलं.

"बसलंय."

"बरी आसस मा?"

"आसंय," ती म्हणाली. "तू बोल रे. माका अजून उठूचा नाय."