खीर, ताक आणि पन्नास किलो

किस्से जमवण्याचा मला नाद नाही. मी मराठीचा शिक्षक. मोजके बोलावे, खरे बोलावे, एवढेच मुलांना सांगत आलो. परंतु राळेगावच्या शाळेत सकाळी मुलींना कुस्ती शिकवू लागलो आणि किस्से न मागता साचत गेले. हसू आवरणे हाही संयमच. पण सगळेच आवरले तर सांगणार काय!

मूळ गोष्ट एवढीच. प्रगती ही आमची सर्वांत चपळ मुलगी. गट पन्नास किलोचा, आणि या वयोगटातले तिचे शेवटचे वर्ष. यवतमाळची निवड चाचणी हुकली, तर राज्य स्पर्धा हुकलीच. ताकद वाढवायची, वजन मात्र वाढू द्यायचे नाही. म्हणून मी तळलेले आणि गोड बंद केले. दूध, दही, ताक, पनीर यांवर भर दिला. दुधात प्रोटीन असते, हे फळ्यावर लिहून दाखवले. पुढचे सारे त्या फळ्यामुळे घडले.

*

आखाड्यातल्या वैष्णवीला तिच्या मामाने पुण्याहून प्रोटीन पावडरचा डबा पाठवला. त्यावर दंडांचे चित्र एवढे मोठे, की मजकूर कोपऱ्यात गेला होता. मी तिला तो वाचायला लावला. पावडर कशाची? दूध फाटल्यावर जे पाणी निघते त्याची, निवळीची!

वैष्णवी विचारात पडली. "सर, आमच्या घरी चक्का बांधला का त्याचं पानी माय गोऱ्ह्याले पाजते."

"किती दिवसांपासून?"

"जन्मला तवापासून. तरीच तो दोन गड्यायले आवरत नाही!"

*

किसनभाऊ आखाड्यावर पितळी गंज भरून दूध घालत. ते दिवसेंदिवस पातळ होत चालले. एकदा सर्वांसमोर मी त्यांना थांबवले आणि सत्यावर चार वाक्ये सांगितली. त्यांनी मान खाली घालून ती ऐकली.

"गुरुजी, परवा तुमीच पोरीयले सांगत होते, दूध घ्या अन् पानीबी भरपूर प्या."

"मग?"

"मंग मी दोनी एकाच गंजात आनून राह्यलो!"

मुली हसल्या. मी भिंतीकडे वळलो. दुसऱ्या दिवसापासून दूध घट्ट आले, हे मात्र किसनभाऊंच्या बाजूने सांगितले पाहिजे.

*

गेल्या श्रावणात आखाड्यातल्याच पायलने सोमवारचा उपवास धरला. पाठोपाठ गुरुवार, मग शनिवार. मी स्वतः पौर्णिमेला अष्टशील पाळतो, दुपारनंतर जेवत नाही. कोणाच्याही व्रताविषयी मला आदरच आहे. तिला बोलावून म्हणालो, "श्रद्धा वाढली, हे चांगले झाले."

"श्रद्धा पयलेच होती सर. उपासाच्या दिवशी दही मले भेटते. बाकी दिवशी भाऊ खाऊन टाकते!"

*

पनीर घरीच करावे, असे मी सांगितले. प्रगतीने दूध उकळून त्यात लिंबू पिळले. नेमकी तेव्हाच तिची आजी, शेवंताबाई, शेतातून परतली.

"अवं, चांगलं दूध नासवाले शिकवते काय तुह्या शाळेत!"

प्रगतीने प्रोटीन समजावले. आजीने एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला.

"ना मीठ, ना तिखट. हे खाऊन पोरगी कोनाले पाडन? आपनच पडन!"

*

वैशाख पौर्णिमा आली. दुसऱ्याच दिवशी चाचणी. प्रगतीचे वजन पन्नासला दोनशे ग्रॅम कमी भरले. चार दिवस ती अर्धपोटी होती. ओठ सुकले होते. मी समाधानी होतो.

विहारात वंदना झाली. मी सुजातेच्या खीरदानावर बोललो. कठोर उपवासाने भगवंतांचे शरीर झिजले, हाती काही आले नाही. सुजातेने खीर दिली, बळ आले, मध्यम मार्ग सापडला. "अतिरेक टाळावा," असे म्हणून मी बसलो.

मग खिरीचे पातेले उघडले. आजी वाढत वाढत प्रगतीपाशी आली. मी पुढे झालो.

"तिला नको. उद्या वजन आहे."

आजीचा हात थांबला. सारा विहार ऐकत होता.

"गुरुजी, उपाशीपोटी भगवंतालेही काही गवसलं नाही, हे आत्ता तुमीच सांगतलं ना? मंग माह्या नातीले काय गवसन?"

उत्तरे देण्याची मला तीस वर्षांची सवय आहे. त्या दिवशी एवढेच म्हणालो, "वाढा."

प्रगतीने तीन वाट्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला काटा पन्नास किलो चारशे ग्रॅमवर थांबला. काट्यापाशी बसलेले पंच म्हणाले, "पन्नासात बसत नाही. त्रेपन्नच्या गटात उतरवता, की परत नेता?"

मी प्रगतीकडे पाहिले. ती चक्क हसत होती.

"सर, आता तं अडीच किलोची मोकळीक झाली! आजीनं सकाळी ताजी खीर देली हाय. डबा काढा!"

तिने डबा चाटूनपुसून संपवला. त्या गटात तिला तीन लढती मिळाल्या. तिन्ही मुली तिच्याहून वजनदार; तिघीही हरल्या. शेवटच्या मिनिटालाही प्रगतीचा दम टिकून होता. दुपारी राज्य स्पर्धेच्या यादीत तिचे नाव लागले.

मी आजीला फोन लावला. मेहनत, शिस्त आणि धीर यांवर चार शब्द योजून ठेवले होते. "आजी, प्रगतीची निवड झाली," एवढे सांगून पुढच्या वाक्याकडे वळणार, तोच पलीकडून प्रश्न आला,

"खीर पुरली काय, गुरुजी?"