नकाशात बुडालेला मका

मोबाईलवरच्या नकाशाप्रमाणे मी तळ्याच्या मधोमध उभी होते. प्रत्यक्षात छातीएवढ्या मक्यात.

"काय बघायलीस पोरी त्या फोनात?" मका कापता कापता शांतामावशींनी विचारलं.

"फोन म्हणतोय, इथे तळं आहे."

"खरंच म्हनतोय की. तळंच हाय. पानी तेवढं न्हाई."

कुठली जमीन किती हिरवा पाला देते, याचा अंदाज मी सॅटेलाइटच्या चित्रांवरून काढते. जंगल, गवत, पीक, प्रत्येकजण उन्हाचा वापर वेगळा करतो. म्हणून कुठे काय आहे हे संगणकातल्या मॉडेलला आधी सांगावं लागतं. पाणी म्हटलं की ते तिथे हिशेबच करत नाही, जागा झाकून टाकतं. त्याला आम्ही मास्क म्हणतो.

नांदेडला हे छान जमलं होतं. अर्धापूरची केळी, हदगावचा कापूस, सगळं आपापल्या रंगात. दुष्काळाच्या वर्षी लातूर जिल्हाही माझ्याकडे आला. तिथला मास्क मात्र चांगल्या पावसाच्या वर्षातला होता. उदगीरकडचा हा तलाव आटला, लोकांनी ओल्या गाळात मका पेरला, आणि माझ्या नकाशात पाणी तसंच राहिलं.

"आमचंच रान हाय हे," मावशी म्हणाल्या. "सासऱ्याच्या वक्ताला तळ्यात गेलं, यंदा वर आलं. वैरण लई झाली. पर छावनीवाले म्हनत्यात, चारा भायेरून येनार. मंग ह्याचं काय करू?"

छावणीतल्या जनावरांसाठी चारा कुठून घ्यायचा, ते दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ठरणार होतं. माझ्याच नकाशावरून.

मी ऑफिसातल्या आमच्या सरांना फोन केला.

"मास्क काढलास तर खरं पाणीही शेत दिसेल," ते म्हणाले.

"सगळा नाही काढत. यंदाच्या चित्रांत पाणी नाही, तेवढाच."

"उद्यापर्यंत होईल?"

"करते."

बैठकीत नकाशा लागला आणि एक अधिकारी म्हणाले, "मॅडम, तलावात शेती दाखवताय?" सगळे हसले. मनात वाक्यं तयार होती, इंग्रजीत. ती बाजूला ठेवली. मी नुसता फोटो लावला. पुढे मका, मागे तलावाची भिंत.

"साहेब, मी काल इथेच उभी होते."

"बुडाला नाहीत ना?"

"फक्त नकाशात."

पुन्हा हसले, पण आता नकाशाकडे बघत. छावण्यांनी आधी जवळच्या गाळपेरीचा चारा घ्यावा, असं ठरलं.

काही दिवसांनी मावशींचा फोन आला. "मका छावनीला गेला बरं का. आता तळं भरलं तरी चालतंय."

पुढच्या पावसाळ्यात ते भरलं. मी नकाशात तो तुकडा पुन्हा पाण्याचा निळा केला. त्या कामाचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

एवढंच शिकले. नकाशातला निळा रंग कोणत्या वर्षाचा आहे, ते आधी बघावं. आणि बघायला जाताना चांगले बूट घालावेत. गाळ आत ओलाच असतो.