कामापुरती ओळख

ऑफिसात तिला सगळे कुलूपबाई म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात. तेवढी हिंमत कुणाची नव्हती. पासवर्ड कागदावर लिहून टेबलाला चिकटवणाऱ्याची ती अशी काही हजेरी घ्यायची की तो माणूस पुढे आठवडाभर तिची नजर चुकवत फिरे. कंपनीची सर्व्हर-मशिनं दुसऱ्या गावात, एका थंडगार खोलीत होती आणि ही इथे खिडकीजवळच्या टेबलावर बसून ती सांभाळायची. मध्ये होती एक चपटी पेटी. कागदोपत्री तिचं नाव स्विच. साऱ्या मशिनांच्या तारा त्या पेटीत आलेल्या. इथून पेटीत लॉगिन केलं, हवं ते मशीन निवडलं की त्याचा पडदा समोर हजर, जणू आपण त्याच्यापुढेच बसलोय. मशीन अडलं तरी उठून तिथे जायचं कारण नाही. ज्याच्या हातात पेटी, त्याच्या हातात सगळी कंपनी. म्हणून पेटीचा पासवर्ड ती जिवापाड जपायची.

आणि हाच पासवर्ड तिने फोनवर एका माणसाला सांगून टाकला होता.

तो माणूस म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. शिक्षण अर्ध्यावर सोडलेला. तिनेच एका कंत्राटदाराच्या कानावर घालून त्याला त्या थंड खोलीत चिकटवलं होतं. तारा ओढायच्या, पंख्यांची धूळ काढायची, सांगितलं ते मशीन बंद करून चालू करायचं. मात्र हा आपला भाऊ आहे याबद्दल ती ऑफिसात ताकास तूर लागू देत नसे. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे ते सोपंच होतं. लाज वाटायची का? तर हो, वाटायची. शेजारच्या टेबलावरची आपल्या डॉक्टर भावाच्या गोष्टी सुरू करायची, तेव्हा ही कप विसळायला उठायची.

पेटी आली तेव्हा खोलीतला जुना मॉनिटर आणि कीबोर्ड कुणीतरी अडगळीत टाकला. झालं! भाऊ मशिनाला हात लावून उभा, पण मशीन काय म्हणतंय ते त्यालाच दिसेना. दिसायचं ते कुठल्या कुठे बसलेल्या बहिणीला.

"ताई, मलापण एक खातं काढून दे ना पेटीवर," तो म्हणाला. "माझ्या मोबाइलवरून नुसतं बघण्यापुरतं."

"अरे, तसं पटकन होत नाही ते. वरून मंजुरी लागते, वेळ लागतो."

कसला वेळ लागतोय! साहेबांचा एक होकार. पण साहेब विचारणार, हा कोण, आणि तुमचा त्याच्यावर एवढा भरवसा कसा? तो प्रश्न नको म्हणून तिने वेळ मारून नेली आणि तोवर माझ्याच नावाने बघत जा म्हणाली. ते 'तोवर' काही वर्षं चाललं. तो मधूनमधून विचारायचा, ती मधूनमधून 'बघते' म्हणायची.

मग कंपनीत सुरक्षेचं वारं आलं. जुने पासवर्ड बाद, आणि नव्याच्या जोडीला मोबाइलवर येणारा आकडाही हवा. हे सगळं कुलूपबाईनेच दुपारभर बसून चोख केलं, साहेबांची शाबासकी घेतली. भावाला फोन करायचा तेवढा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मशीन अडलं. त्याने सवयीने जुना पासवर्ड टाकला. पुन्हा टाकला. आपलंच बोट चुकतंय असं वाटून पुन्हा पुन्हा टाकत राहिला, बिचारा. शेवटी पेटीने तिचं खातं गोठवलं आणि साहेबांना इशारा धाडला, की मशिनांच्या खोलीतून कुणीतरी घुसू पाहतंय.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि तिच्यासमोरच खोलीतल्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडमचा पासवर्ड तुम्हाला कुणी दिला?"

पलीकडून पंख्यांच्या घरघरीतून त्याचा आवाज आला.

"कुणी नाही, साहेब. मॅडम एकदा इकडे आल्या होत्या ना, तेव्हा मागून बघितला."

मॅडमनी त्या खोलीत जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं. साहेबांना ते कुठून माहीत असणार!

फोन ठेवून ते तिच्याकडे वळले. "ओळखता का या माणसाला?"

तोंड उघडायची हीच वेळ होती. माझा भाऊ आहे, पासवर्ड मी दिला; एवढंच तर म्हणायचं होतं.

"कामापुरती ओळख आहे," ती म्हणाली.

त्याच दिवशी त्याला काढलं. हिला साधी ताकीदसुद्धा मिळाली नाही, उलट बंदोबस्त चोख म्हणून कौतुक झालं. भावाने घरी सांगितलं, काम पटेना म्हणून सोडलं. आईने त्याला हिच्यादेखत धरसोड्या म्हटलं, आणि ही तेव्हाही गप्प बसली. स्वतःची शिसारी आली तिला. पण शिसारी आली म्हणून माणूस बोलतोच असं थोडंच आहे?

बऱ्याच दिवसांनी धीर करून ती त्याला भेटायला गेली. तो आता एका गोदामात पार्सलांवर पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवत होता. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन बाहेर आला, तिच्यासाठी एक खोकं पुसून पुढे सरकवलं.

"मी बोलायला हवं होतं रे," ती म्हणाली.

"जाऊ दे, ताई. दोघांची गेली असती. मग आईकडे कोण बघणार होतं?"

तिला रडू आवरेना. विषय बदलावा म्हणून त्याने विचारलं, "माझ्या जागी आलेला माणूस कसा आहे? त्याला तरी खातं दिलंस का पेटीवर?"

"दिलं ना. रुजू झाला त्याच सकाळी, चहा यायच्या आत," कामाच्या सवयीने ती बोलून गेली.

त्याचा घास हातातच राहिला.

"एवढं पटकन होतं होय ते?" त्याने विचारलं.

टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच माहीत नव्हतं.